फोटो कोणी उघडायचा?

नाशिकरोड मागे टाकून एकलहरेकडे निघाले की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. आधी १४० मेगावॅटचे दोन संच, मग १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन, अशा टप्प्यांनी हे केंद्र वाढले आणि त्याच्याबरोबर कामगारांची वसाहतही वाढली. अशा वसाहतीतल्या घरातला संगणक सहसा एकट्याचा नसतो. मुलांचे प्रोजेक्ट, निवृत्तीची कागदपत्रे, स्कॅन केलेला सातबारा, तीन-चार फोनमधून उतरवलेले लग्नाचे आणि बारशाचे फोटो, सगळे एकाच डिस्कवर असते. एके दिवशी फोटोवर डबल क्लिक केले की भलताच प्रोग्रॅम उघडतो. नाहीतर फोल्डर उघडल्यावर चेहऱ्यांऐवजी शंभर फाइलींवर एकच निर्जीव चिन्ह दिसते. मग कुणीतरी सांगते, ‘फॉरमॅट मारा, नवीन विंडोज टाका.’

या सल्ल्यापायी अनेक घरांचे फोटो कायमचे जातात. प्रत्यक्षात फोटो बहुतेक वेळा शाबूत असतात, बिघडलेली असते ती त्यांच्याभोवतीची नोंद. ही नोंद कुठे असते, ती कोणाच्या ताब्यात असावी आणि बिघडली तर कशी सुधारावी, यावर संगणकाच्या जगात चाळीस वर्षे मतभेद आहेत. त्या मतभेदांची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न.

दोन तक्रारी, दोन यंत्रणा

‘फोटो उघडत नाही’ आणि ‘फोटो दिसत नाही’ या तक्रारी दुकानात एकाच वाक्यात सांगितल्या जातात, पण त्यांच्यामागची यंत्रणा वेगळी आहे. पहिलीचा संबंध फाइल-जोडणीशी आहे, म्हणजे अमुक प्रकारची फाइल अमुक प्रोग्रॅमने उघडावी, या नोंदीशी. दुसरीचा संबंध थंबनेलशी आहे. संगणक मूळ चित्र वाचून त्याची एक छोटी प्रत बनवतो, ती वेगळ्या साठ्यात ठेवतो आणि फोल्डरमध्ये दाखवतो. हा साठा म्हणजे कॅश. तो पुसला गेला तरी मूळ फोटोला धक्का लागत नाही.

त्यामुळे फोटो व्यवस्थित उघडतो पण थंबनेल नाही, असे घडू शकते. याच्या उलटही घडते. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी १९९५मध्ये जपानमध्ये ठरलेल्या एक्झिफ पद्धतीत कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच एक लहान प्रतिमा भरून ठेवतो. मेमरी कार्ड बिघडून मोठे चित्र खराब झाले तरी ही लहान प्रतिमा टिकू शकते. मग फोल्डरमध्ये चेहरा स्पष्ट दिसतो आणि क्लिक केल्यावर करडा पट्टा येतो. अशा फाइलला कोणतीही जोडणी बदलून उपयोग नाही.

दोन्ही यंत्रणा एका जागी मात्र एकमेकींना भिडतात. थंबनेल कोणी बनवायचे हे विंडोजमध्ये फाइलच्या प्रकारावरूनच ठरते. एखादा फोटो-व्ह्यूअर टाकला, त्याने जेपीजी फाइल स्वतःकडे ओढून घेतली आणि पुढे तो काढून टाकताना नोंदी नीट पुसल्या नाहीत, तर उघडण्याची जोडणीही तुटते आणि थंबनेल बनवणाराही हरवतो.

मागची चाळीस वर्षे

फाइलच्या नावापुढे टिंब आणि तीन अक्षरे ही सवय गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीतून १९८१च्या डॉसमध्ये आली. नावाला आठ अक्षरे, एक्स्टेन्शनला तीन. फाइल कशाची आहे हे नावावरूनच कळे. वापरणाऱ्याला ते दिसे आणि बदलताही येई.

१९८४मध्ये आलेल्या मॅकिंटॉशने वेगळा विचार केला. तिथे प्रत्येक फाइलसोबत चार-चार अक्षरांचे दोन संकेत लपवून ठेवलेले असत. एक फाइलचा प्रकार सांगे, दुसरा ती कोणत्या प्रोग्रॅमने बनवली ते. त्यामुळे एकाच प्रकारची दोन चित्रे, एक एका प्रोग्रॅममध्ये बनवलेले आणि दुसरे दुसऱ्यात, आपापल्या प्रोग्रॅममध्ये उघडत. नाव काहीही ठेवा, फरक पडत नसे. तक्रारी तेव्हाही होत्या. चिन्हे गायब झाली की मॅकवाले संगणक सुरू होताना दोन कळा दाबून धरत आणि ‘डेस्कटॉप’ची नोंदवही नव्याने बांधून घेत. आज आपण थंबनेलचा साठा पुसतो, त्याचाच हा पूर्वज.

युनिक्सची वाट तिसरी होती. तिथे १९७३पासून असलेली ‘फाइल’ नावाची आज्ञा नावाकडे पाहतच नाही, आतली सुरुवातीची बाइट्स वाचते. जेपीजी फाइल एफएफ, डी८, एफएफ या बाइट्सनी सुरू होते. जीआयएफच्या सुरुवातीला ‘जीआयएफ८७ए’ किंवा ‘जीआयएफ८९ए’ लिहिलेले असते. नाव खोटे असू शकते, पण आतली खूण सहसा खरे सांगते.

१९९२ साली दोन गोष्टी घडल्या. विंडोज ३.१मध्ये रजिस्ट्री, म्हणजे प्रणालीच्या नोंदींचे भांडार, आली आणि फाइल-जोडणीच्या नोंदी तिच्यात जाऊ लागल्या. त्याच वर्षी ई-मेलसाठी माइम पद्धत ठरली आणि ‘इमेज/जेपीईजी’ अशी प्रकारांची नावे इंटरनेटवर रुळली. विंडोज ९५ने लांब नावे दिली, पण ओळखीची एक्स्टेन्शन लपवून ठेवण्याचा पायंडाही पाडला. फाइल कशाची हे नावावरून ठरणार, आणि नावाचा तोच भाग माणसाला दिसणार नाही! माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात महागात पडलेला निर्णय हाच.

त्याची किंमत मे २०००मध्ये कळली. ‘लव्ह लेटर’ नावाचा व्हायरस टीएक्सटी भासणाऱ्या नावाने ई-मेलमधून फिरला. त्याचे खरे एक्स्टेन्शन व्हीबीएस होते, ते लपलेले राहिले आणि लोकांनी साधा मजकूर समजून ते उघडले. पुढच्या वर्षी आलेल्या सरकॅमने जोडणीवरच हात टाकला. कोणताही प्रोग्रॅम चालवला की आधी आपण चालू, अशी नोंद त्याने ईएक्सई फाइलींसाठी करून ठेवली. अँटिव्हायरसने तो पुसला तरी नोंद तशीच राही, आणि मग संगणकावरचा एकही प्रोग्रॅम उघडत नसे.

ओळख कुठे ठेवायची?

नावात, फाइलबाहेरच्या नोंदीत की आतल्या मजकुरात, या तीन भूमिका अजून टिकून आहेत आणि प्रत्येकीमागे खरा अनुभव आहे.

नावाच्या बाजूचे म्हणणे असे, की एक्स्टेन्शन ही एकच खूण फाइलबरोबर सगळीकडे जाते. पेन ड्राइव्ह, ई-मेल, झिप, वेबसाइट, कुठेही गेली तरी ती गळत नाही. मॅकचे लपलेले संकेत मॅकबाहेर पडताच हरवत. म्हणूनच ॲपलने २००५पासून प्रकारांची नवी नावपद्धती आणली आणि २००९च्या स्नो लेपर्डमध्ये ‘कोणी बनवली’ हा संकेत जुमानणे थांबवले. त्यावर जुने मॅकवाले नाराज झाले. एखाद्या फाइलचे नाते तिच्या निर्मात्याशी ठेवण्याची वीस-पंचवीस वर्षांची सोय एका आवृत्तीत गेली, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती रास्त होती.

मजकूर वाचून ओळखण्याच्या बाजूने सुरक्षेचे लोक बोलतात. लिनक्सच्या डेस्कटॉपवर आज बहुधा मिश्र पद्धत चालते. आधी नाव पाहायचे, शंका आली तर आत डोकवायचे. एके काळी ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या फाइल-व्यवस्थापकाने फारच कडक धोरण घेतले होते. नाव आणि मजकूर जुळले नाहीत तर तो फाइल उघडायलाच नकार देत असे. धोका टळे, पण नामांतर केलेल्या निरुपद्रवी फोटोंनाही दार बंद होई.

महाराष्ट्रात हा वाद सामान्य माणसाच्या दारात येतो तो ऑनलाइन अर्जामुळे. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर नोंदणी करताना फोटो जेपीईजी हवा, ५ ते २० केबीच्या आत हवा, रुंदी १६० पिक्सेल हवी. विंडोज १०वर ब्राउझरमधून उतरवलेले फोटो अनेकदा ‘जेएफआयएफ’ या एक्स्टेन्शनने साठवले जात. आतला मजकूर अस्सल जेपीईजी, पण रजिस्ट्रीतल्या एका नोंदीमुळे नाव वेगळे पडे. केवळ नाव तपासणारे संकेतस्थळ अशी फाइल नाकारते. एक्स्टेन्शन बदलून जेपीजी केले की तीच फाइल चालते. उलट पीएनजी फोटोचे नुसते नाव बदलून जेपीजी केले, तर नाव तपासणारा फसतो आणि मजकूर तपासणारा अडवतो. सेवा केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यातले काही सांगितले जात नाही. त्याला फक्त ‘फोटो चुकीचा आहे’ एवढेच कळते.

निर्णय कोणाचा?

दुसरा वाद अधिकाराचा आहे. एखादा फोटो कशात उघडायचा हे ठरवणार कोण, माणूस, प्रोग्रॅम की प्रणाली?

२०१२पर्यंत विंडोजमध्ये कोणताही प्रोग्रॅम स्वतःला हक्काचा उघडणारा ठरवून घेऊ शके. नवा व्ह्यूअर टाकला की सगळे जेपीजी त्याचे, दुसरा टाकला की त्याचे. विंडोज ८ने याला कुलूप लावले. वापरणाऱ्याची निवड नोंदवताना तिच्यासोबत एक हॅश, म्हणजे गणिताने काढलेली पडताळणीची खूण, ठेवला जाऊ लागला, आणि तो त्या वापरकर्त्याच्या खात्याशी, एक्स्टेन्शनशी व निवडीच्या वेळेशी बांधलेला असतो. बाहेरून कुणी नोंद बदलली की हॅश जुळत नाही आणि विंडोज मूळ ॲपवर परत जाते. विंडोज १०मध्ये डिफॉल्ट ॲप पुन्हा पहिल्यासारखे केल्याची सूचना अनेकांनी पाहिली, ती यामुळेच. दुरुस्ती करणाऱ्यांकडे पूर्वी एक तयार रजिस्ट्री फाइल असे. ती चालवली की सगळ्या जोडण्या जागेवर येत. दुसऱ्या संगणकावरून आणलेला हॅश इथे जुळत नसल्याने अशी फाइल आता डिफॉल्टची निवड बदलू शकत नाही.

मायक्रोसॉफ्टची बाजू अशी की माणसाची निवड माणसानेच करावी, प्रोग्रॅमने परस्पर नाही. सरकॅमचा इतिहास पाहता ती सहज बाजूला सारता येत नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की कुलपाची किल्ली कंपनीकडेच राहते आणि तिची स्वतःची ॲप्स आपोआप पुढे येतात. जुलै २०१५मध्ये मोझिलाचे तत्कालीन प्रमुख ख्रिस बीअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांना जाहीर पत्र लिहून विंडोज १०मध्ये लोकांची आधीची निवड पुसली जाते, असा आक्षेप घेतला. तो ब्राउझरबद्दल होता, पण यंत्रणा तीच.

फोटोंच्या बाबतीत याचा ठळक परिणाम म्हणजे जुना ‘विंडोज फोटो व्ह्यूअर’. तो विंडोज १०मधून काढलेला नव्हता. नव्याने टाकलेल्या प्रणालीत त्याला फक्त टिफ फाइलींची नोंद उरली होती, जेपीजी आणि पीएनजीसाठी तो यादीतच दिसत नसे. रजिस्ट्रीत काही नोंदी भरून त्याला परत यादीत आणण्याची युक्ती जगभर पसरली. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर तो झटकन उघडे, म्हणून लोकांना तो हवा होता.

२०२१च्या विंडोज ११ने प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी वेगळी निवड करायला लावून गाठ आणखी घट्ट केली. ब्राउझरसाठी एका बटणाची सोय पुढच्या वर्षी आली. २०२४मध्ये नोंदींचे रक्षण करणारा वेगळा ड्रायव्हरही आढळला. सुरुवातीला त्याचा रोख वेब पत्ते आणि पीडीएफ यांच्यावर होता. त्याच वर्षी युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मायक्रोसॉफ्टला तिथल्या वापरकर्त्यांसाठी हात सैल करावा लागला. नाशिकच्या वापरकर्त्याला ती सवलत लागू नाही. एकाच प्रणालीत माणसाचा हक्क देशागणिक वेगळा असावा का, यावर आपल्याकडे अजून फारशी चर्चा झालेली नाही. ती व्हायला हवी.

थंबनेल कुठे जातात?

विंडोज एक्सपीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये ‘थंब्ज डॉट डीबी’ नावाची फाइल तयार होई. सीडीवर फोटो भरले की तीही बरोबर जाई आणि लोक तिला व्हायरस समजत. व्हिस्टापासून हा साठा वापरकर्त्याच्या खात्यात एकत्र आला, वेगवेगळ्या आकारांसाठी वेगवेगळ्या फाइली. लिनक्सवर फ्रीडेस्कटॉपच्या नियमानुसार तो घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या कॅशमध्ये राहतो, १२८ पिक्सेलचा ‘नॉर्मल’ आणि २५६चा ‘लार्ज’ अशा कप्प्यांत. तिथे ‘फेल’ नावाचाही एक कप्पा असतो. एकदा थंबनेल बनवता आले नाही की तशी नोंद त्यात पडते, आणि फाइल बदलेपर्यंत प्रणाली पुन्हा प्रयत्न करत नाही. थंबनेल बनवणारा प्रोग्रॅम नंतर टाकला तरी जुन्या फोटोंचे चेहरे येत नाहीत, ते या जुन्या नोंदीमुळे.

कारणांचा विचार करताना मी नेहमी साध्यापासून सुरुवात करावी असे म्हणेन. सर्वात नेहमीचे कारण बिघाडाचे नसतेच, सेटिंगचे असते. जुना संगणक वेगवान करण्यासाठी ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडतात, आणि त्यात थंबनेलऐवजी नुसती चिन्हे दाखवण्याचा पर्याय आपोआप लागू होतो. फोल्डर ऑप्शन्समध्येही तशी एक वेगळी खूण आहे. दुसरे कारण कॅश खराब होणे. लिहिणे चालू असताना वीज गेली, घाईत मेन स्विच बंद केला, तर हा साठा अर्धवट राहू शकतो. तिसरे, फाइल संगणकावर नसतेच. वनड्राइव्ह काही वेळा फक्त नाव दाखवतो आणि फोटो ढगातच ठेवतो. फोन वायरने जोडला की फोटोंची यादी दिसते, पण चेहरे येत नाहीत किंवा फार सावकाश येतात. आधी फोटो डिस्कवर उतरवून घ्यावेत, मग तपासावे.

चौथे कारण छपाई आणि फ्लेक्सच्या दुकानांना चांगले ठाऊक आहे. कोरलड्रॉच्या सीडीआर आणि फोटोशॉपच्या पीएसडी फाइलींचे थंबनेल विंडोज स्वतः बनवत नाही. त्या त्या प्रोग्रॅमने किंवा वेगळ्या सॉफ्टवेअरने ती सोय पुरवावी लागते. ती ३२ बिटची असेल तर ६४ बिटच्या एक्सप्लोररमध्ये चालतच नाही. निवडणूक असो की दहावा, शेकडो डिझाइनमधून हवे ते चित्र शोधणाऱ्या ऑपरेटरला एकसारख्या चिन्हांच्या रांगेतून प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागते. त्याच्या दिवसाचा केवढा वेळ यात जातो, याचा हिशोब सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी कधी केलेला दिसत नाही.

देवनागरी नावांचा पेच

मराठी वाचकांसाठी एक मुद्दा स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत तो सापडत नाही. ‘त्र्यंबकेश्वर’ हे नाव डोळ्यांना पाच अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये त्याची मोजदाद १३ होते, कारण प्रत्येक हलन्त, मात्रा आणि अनुस्वार वेगळा धरला जातो. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून तिथे ८५ चिन्हांतच नाव संपते. विंडोजची जुनी मर्यादा संपूर्ण पत्त्याला सुमारे २६० चिन्हांची. ‘आजीचे सहस्रचंद्रदर्शन’, आत ‘त्र्यंबकेश्वर’, आत ‘दुसऱ्या दिवशीचे फोटो’ असे फोल्डरात फोल्डर ठेवत गेले की ती वाटते त्याहून लवकर गाठली जाते, आणि मग थंबनेल बनत नाही किंवा फाइल उघडत नाही. २०१६पासून विंडोज १०मध्ये ही मर्यादा उठवण्याची सोय आहे, पण प्रत्येक प्रोग्रॅमनेही ती मानावी लागते.

युनिकोड न जाणणारे जुने व्ह्यूअर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे मांडतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, त्यामुळे प्रोग्रॅमला फाइल सापडत नाही. नावे इंग्रजीत ठेवा, असा सोपा सल्ला यावर दिला जातो. मला तो पटत नाही. आपल्या घरच्या फोटोंना आपल्या भाषेत नाव देता यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. जुना व्ह्यूअर बदलावा, नाव नव्हे. फक्त फोल्डरांची उतरंड आखूड ठेवावी.

पाहण्यातला धोका

थंबनेल बनवायचे म्हणजे फाइल वाचायची, आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल तर केवळ फोल्डर उघडल्यानेही संगणकात शिरकाव होऊ शकतो. डिसेंबर २००५मध्ये डब्ल्यूएमएफ प्रकारच्या चित्रांतली अशी फट उघडकीस आली. मायक्रोसॉफ्टने ५ जानेवारी २००६ला, नेहमीच्या दिवसाची वाट न पाहता, दुरुस्ती दिली. २०१७मध्ये लिनक्सवर विंडोजच्या फाइलींचे थंबनेल बनवणाऱ्या एका साधनातून तसाच प्रकार निघाला. सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी चित्रे वाचणाऱ्या सामायिक कोडमधली चूक ब्राउझरपासून मेसेजिंग ॲपपर्यंत सर्वांना भोवली.

एका गटाचे म्हणणे म्हणून असे, की अनोळखी फाइलींचे थंबनेल दाखवूच नये. दुसरा गट सांगतो, दाखवावे, पण वेगळ्या बंदिस्त खोलीत बनवावे. व्हिस्टापासून विंडोज हे काम वेगळ्या प्रक्रियेत करू शकते, म्हणून एखादा बिघडलेला व्हिडिओ कोडेक कोसळला तरी एक्सप्लोरर टिकतो. ग्नोमने २०१७नंतर थंबनेल बनवणाऱ्यांना कडक कुंपण घातले आणि त्यामुळे काही बाहेरच्या साधनांची थंबनेल दिसेनाशी झाली. सुरक्षा वाढली की चेहरे कमी होतात, हा व्यवहार अजून कोणाला पूर्ण साधलेला नाही.

खासगीपणाचा मुद्दाही इथलाच. मूळ फोटो पुसला तरी साठ्यातली छोटी प्रत मागे राहू शकते. २०१८मध्ये मॅकवर सांकेतिक कुलपात ठेवलेल्या फाइलींच्या लहान प्रतिमाही उघड्या साठ्यात मिळतात, हे दाखवून देण्यात आले. मागे राहिलेली अशी प्रत तपास यंत्रणांना उपयोगी, जुना संगणक विकणाऱ्याला घातक. संगणक दुसऱ्याच्या हाती देण्याआधी हा साठा पुसावाच.

नवे फॉरमॅट

२०१७मध्ये आयफोनने फोटो एचईआयसी स्वरूपात साठवायला सुरुवात केली. कमी जागेत चांगले चित्र, पण त्यासाठी लागणाऱ्या एचईव्हीसी तंत्रावर पेटंटचे हक्क आहेत. त्यामुळे विंडोजवर वेगळी जोड टाकावी लागते आणि तिच्यातला एक भाग विकत घ्यावा लागतो. दुबईहून किंवा पुण्याहून आलेल्या भाच्याने आयफोनचे फोटो पेन ड्राइव्हमध्ये दिले आणि एकलहऱ्याच्या संगणकावर नुसती कोरी चिन्हे दिसली, तर इथे तुटलेले काहीच नसते. संगणकाला ती भाषाच शिकवलेली नसते. फोनमध्ये मॅक किंवा पीसीवर फोटो उतरवण्याचा पर्याय ‘ऑटोमॅटिक’ ठेवला, तर वायरने उतरवताना जेपीजी मिळू शकतात. वेबपी २०१०पासून आहे आणि व्हॉट्सॲपच्या स्टिकरमुळे घरोघर पोहोचले. त्यानंतर एव्हीआयएफ आले. दरवेळी फोन पुढे जातात आणि घरातला संगणक मागे राहतो.

दुरुस्तीचे मार्ग

फॉरमॅट मारण्याच्या बाजूलाही युक्तिवाद आहे, तो न्यायाने मांडला पाहिजे. दुकानदाराला नवीन विंडोज टाकायला किती वेळ लागेल हे माहीत असते, निदानाला किती लागेल हे नसते. व्हायरसने प्रणाली पोखरली असेल तर साफ पुसून टाकणेच सुरक्षित. पण डिफॉल्ट ॲप हलले किंवा कॅश बिघडली, एवढ्यासाठी ते करणे अनाठायी आहे. ‘रजिस्ट्री क्लीनर’ या आणखी एका मार्गाला तर मायक्रोसॉफ्ट स्वतः पाठिंबा देत नाही, आणि ते योग्यच आहे.

मला पटणारा क्रम असा. आधी फोटोंची दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यावी. मग एक्स्टेन्शन दाखवण्याची सोय चालू करावी आणि नावे नीट वाचावीत. पेन ड्राइव्हमधल्या शॉर्टकट व्हायरसने खऱ्या फाइली लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवले असतील तर ते इथेच कळते. सगळ्या फोटोंच्या नावांपुढे एखादे विचित्र नवे एक्स्टेन्शन चिकटले असेल तर थांबावे. ते रॅन्समवेअर असू शकते, फाइल आतून बदललेली असते आणि नाव दुरुस्त करून काही होत नाही. अशा वेळी संगणक इंटरनेटपासून तोडावा, फाइली पुसू नयेत. काही जुन्या प्रकारांसाठी मोफत किल्ल्या उपलब्ध आहेत.

नावे ठीक असतील तर एका फोटोवर उजवे क्लिक करून ‘ओपन विथ’मधून हवा तो प्रोग्रॅम निवडावा आणि ‘नेहमी’ हा पर्याय घ्यावा. हॅशसकट खरी नोंद या वाटेनेच होते. फोटोज ॲपच बिघडले असेल तर सेटिंगमध्ये आधी ‘रिपेअर’, मग ‘रिसेट’. थंबनेलसाठी आधी फोल्डर ऑप्शन्स आणि परफॉर्मन्सची खूण पाहावी, त्यानंतर डिस्क क्लीनअपमधून फक्त ‘थंबनेल्स’ निवडून साठा पुसावा. पुढच्या वेळी फोल्डर उघडायला वेळ लागेल, तो साठा नव्याने भरण्याचा असतो. मॅकवर फाइलच्या माहितीपत्रकात प्रोग्रॅम निवडून ‘चेंज ऑल’ म्हणावे. लिनक्सवर कॅशमधला ‘फेल’ कप्पा रिकामा करावा.

अजून न सुटलेले

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर चालणारे संगणक काही लगेच बंद पडणार नाहीत, पण चित्र वाचणाऱ्या कोडमधल्या पुढच्या फटी विस्तारित आधार न घेतलेल्या संगणकांवर बुजणार नाहीत. अशा संगणकावर थंबनेल बंद ठेवावीत की सोय टिकवावी, याचे सर्वमान्य उत्तर नाही. वनड्राइव्ह, गूगल फोटोज यांच्यामुळे फाइल आणि तिची नोंद दोन्ही दूरच्या सर्व्हरवर जात आहेत. तिथे जोडणी बिघडली तर ‘ओपन विथ’ हा पर्यायच नसतो.

घरातल्या एकाच खात्यावर चार माणसे काम करतात, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती. विंडोजचे कुलूप मात्र एका खात्याला एकच माणूस धरून चालते. मुलाने निवडलेला व्ह्यूअर आईलाही स्वीकारावा लागतो. वेगळी खाती काढावीत हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण फोटो मग वेगवेगळ्या खात्यांत विखुरतात. कुटुंबाचा एक सामायिक साठा आणि प्रत्येकाची वेगळी निवड, अशी सोपी रचना कोणत्याही प्रणालीने अजून नीट दिलेली नाही.

आणि प्रशिक्षण. २००१पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने महाराष्ट्रात संगणकाची पहिली ओळख करून दिली, गावोगावी केंद्रे उभी राहिली. एक्स्टेन्शन म्हणजे काय, कॅश पुसल्याने फोटो जात नाही, नाव बदलल्याने फॉरमॅट बदलत नाही, एवढ्या तीन गोष्टी मराठीत, चित्रांसह, सेवा केंद्राच्या भिंतीवर लावायला फार खर्च येणार नाही. त्या कोणी लावायच्या, सरकारी विभागाने, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने की सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने, हे मात्र आजपर्यंत कोणी ठरवलेले नाही.